खरखरीत लोकरीचे मोल

मराठीत घोंगडीही विणतात आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच, कामे मात्र निराळी. मागावर ताणा आणि बाणा लागतो, सुयांवर एकच धागा फाशांतून फिरतो. मागावरचे कापड बेतून कापावे लागते. सुयांवर कापड आणि कपडा एकदमच तयार होतात. खांदा अरुंद वाटला तर टाके वाढवा, सुलटाच्या जागी उलट पडले तर उसवा, लोकर पुन्हा गुंड्यात जाते. चुकण्याची इतकी मुभा असल्यामुळेच सुयांच्या विणकामात प्रयोग शक्य होतात आणि छोट्या कार्यशाळेतला महागडा स्वेटर ही केवळ चैन आहे, असे मला वाटत नाही. तो आपल्याकडच्या एका टाकाऊ ठरलेल्या लोकरीला उपयोगी पडू शकतो.

ही लोकर दख्खनी मेंढीची. जाड, आखूड, बरीचशी काळी. धनगर ती कातरून सूत काढायचे, सणगर खड्डामागावर विणायचे, वर चिंचोक्याची खळ द्यायचे. घाटावरची ही घोंगडी कोकणात खोळ होऊन डोक्यावर येई आणि तिच्याखाली भाताची लावणी चाले. रत्नागिरीत स्वेटर लागतो कधी, हा आक्षेप म्हणूनच थोडा चुकतो. इथे लोकर थंडीसाठी नव्हतीच, पावसासाठी होती. पुढे प्लास्टिकचा कागद आला. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही.

ती टोचते, हे खरेच. तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक अंगाला लागून वाकत नाही, म्हणून खाज येते. उत्तम मेरिनो विसाच्या आत असते. पण हाच ताठरपणा अंगाला थेट न लागणाऱ्या कपड्याला आकार देतो. जाड सुयांवर सैल विणलेले, आत सुती अस्तर लावलेले जाकीट घ्या: त्याची कॉलर आधाराशिवाय उभी राहील. जपानच्या शिमा सेकी कंपनीने 1995 मध्ये अख्खा कपडा शिवणीविना विणणारे यंत्र आणले, पण अशा यंत्राला एकसारखे सूत हवे. हातकताईचे गाठाळ सूत त्यात तुटणार. ते हातानेच, नमुन्यामागून नमुना उसवत विणावे लागते. किंमत फुगते ती या उसवलेल्या नमुन्यांमुळे.

राहिला सर्वांत जड आक्षेप: पैसा कार्यशाळेत राहील, मेंढपाळाला काय? उदाहरण जवळचेच आहे: कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून 2025 मध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव आधी घेतले नव्हते. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मानांकन नावाला जपते, कारागिराचा वाटा ठरवत नाही. त्यामुळे हा आक्षेप मला खोडता येत नाही. फक्त तो लोकर फेकून देण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढेच म्हणतो. तेव्हा दख्खनी लोकरीचा कपडा कधी हाती आला, तर विक्रेत्याला लोकरीचा किलोमागचा दर विचारा. सांगता आला नाही, तर तो कपडा परत ठेवा.