मित्राच्या गाडीचा फोटो

मित्रानं गाडी घेतली, की तिचा फोटो झकास यावा असं आपल्यालाही मनापासून वाटतं. मुंबईत परळमध्ये त्यासाठी रविवारची सकाळ गाठा. रहदारी कमी असते, ऊन कोवळं आणि तिरपं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग साधारण दक्षिणोत्तर जातो. त्याला समांतर असलेल्या गल्लीत सकाळी गाडीची पूर्वेकडची बाजू उजळते. फोटो त्याच बाजूनं घ्या. भर दुपारी मात्र टपावर चकाकी आणि दारांवर काळोख येतो. तेव्हा एखाद्या टॉवरची सावली बरी.

बॉनेट आणि एक बाजू दोन्ही दिसतील, असं कोपऱ्यासमोर उभे राहा. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा. अगदी जवळून गाडीचं तोंड फुगलेलं दिसतं, म्हणून चार पावलं मागं जाऊन झूम करा. पुढचं चाक थोडं वळवलं, की रिम खुलून दिसते.

रंगावर आणि काचांवर आजूबाजूचे खांब, पताका, स्वतः आपणही उमटतो. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला, की ही चमक बरीच उतरते. वाहत्या रस्त्यात मात्र उभे राहू नका, आणि फोटो सगळ्यांना पाठवण्याआधी नंबरप्लेट झाका.