आधी देवाचे राज्य

(हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मननासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, वचने २५ ते ३४ हा शास्त्रभाग घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो संडेस्कूलमध्ये असतानाच पाठ केला असेल. काय खावे, काय प्यावे, अंगावर काय घालावे याच्या चिंतेत बुडून जाऊ नका, असे प्रभु येशू सांगतो. तो आकाशातील पाखरे दाखवतो, रानातली फुले दाखवतो आणि मग म्हणतो की, आधी देवाच्या राज्याचा आणि त्याच्या नीतिमत्त्वाचा ध्यास घ्या, बाकीचे सगळे तुमचा पिता पाहील. तेहतिसावे वचन तर आपल्या किती घरांत चौकटीत लावलेले असते! रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते. म्हणून आज हे वचन भिंतीवरून खाली काढून जरा हातात घेऊन पाहू या.

मी ज्या वाड्यांवर काम करते तिथे बहुतेक वस्ती कातकरी बांधवांची आहे. एकदा श्रावणात काही बायकांबरोबर बसले होते. बोलता बोलता पाखरांचा हा दाखला मी सांगितला. त्यातली एक जण शांतपणे म्हणाली, "ताई, पाखराला उचल घ्यावी लागत नाही."

तिच्या या बोलण्याचा अर्थ समजण्यासाठी उचल म्हणजे काय ते सांगते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत वाडीवर हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो. त्याच वेळी वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि आगाऊ पैसे देतो. ही उचल. ती तांदूळ, औषध, लग्न, मयत यांत संपते. दिवाळी झाली की सगळे कुटुंब बोचके बांधून भट्टीवर जाते. नवराबायको मिळून चिखल मळतात, विटा पाडतात, मोठी मुले विटा उलटतात, लहान्याला सांभाळतात. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, पण हातात मिळते ती आठवड्याची खर्ची. बाकीची मजुरी उचलीत वळती होते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि कित्येकदा बाकी मजुराच्याच नावावर निघते. मग पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. कर्जाच्या बदल्यात माणसाला असे बांधून ठेवणे वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने बंद केलेले आहे, आणि असे कर्ज त्या कायद्याने रद्द होते. पण कायदा दिल्लीत झाला, मुकादम मात्र दारात येतो.

अशा बाईला चिंता करू नकोस असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि जे वचन तिला सांगता येत नाही, ते आपण एकमेकांना तरी कसे सांगावे?

मला याचे उत्तर त्याच अध्यायात सापडले. प्रभु हे शब्द कोणाला सांगत होता ते पाहा. त्याच्यासमोर गालीलातले कोळी, शेतकरी, रोजंदारीवर जाणारे लोक होते. कर भरता भरता जमिनी गेलेले, कर्जाने वाकलेले लोक होते. भूक काय असते हे प्रभूला माहीत होते. म्हणून तर याच अध्यायात थोडे आधी त्याने जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजची भाकर आहे आणि लगेच ऋण सोडण्याची गोष्ट आहे. मत्तय तिथे ऋण हाच शब्द वापरतो. आपण तो पापासाठी घेतो, ते बरोबरच आहे. पण ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला त्यांच्या डोळ्यांपुढे सावकारही उभा राहिला असेल.

आणखी एक गोष्ट. त्या प्रार्थनेत "माझी भाकर" असे कुठे नाही. "आमची" आहे. तेहतिसाव्या वचनातली आज्ञाही एकाला दिलेली नाही, सगळ्यांना मिळून दिलेली आहे. आपण मात्र ती एकेकट्याने पाठ करतो आणि तिचे वचनफळही एकेकट्याने मागतो. मी देवाला पहिले स्थान दिले म्हणजे माझी नोकरी, माझे घर, माझ्या मुलाचे ॲडमिशन होऊन जाईल, असा हिशेब मांडतो. प्रभूने तसे सांगितलेले नाही. जिथे माणसे मिळून देवाच्या राज्याचा ध्यास घेतात, तिथे भाकर सगळ्यांपर्यंत पोहोचते. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या पहिल्या मंडळीविषयी लिहिले आहे की, त्यांच्यात कोणी गरजवंत उरला नव्हता. तो चमत्कार आकाशातून पडलेला नव्हता. कोणी शेत विकले, कोणी घर विकले, आणि ज्याला जशी गरज तसे वाटून दिले.

"आधी" हा शब्द दुसऱ्या एका ठिकाणीही येतो. १ राजे, अध्याय १७. दुष्काळात एलीया संदेष्टा सारफथच्या विधवेकडे जातो. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेले असते. आधी मला लहानशी भाकर करून दे, असे तो तिला म्हणतो. या भागावरून कितीतरी ठिकाणी गरिबांच्या खिशातले शेवटचे पैसे दानपेटीत पडतात. पण नीट वाचा. एलीया कोणी धनवान पाहुणा नव्हता. तो स्वतः उपाशी आणि राजाच्या भीतीने परागंदा झालेला होता. आणि पुढे त्या मडक्यातले पीठ तो, ती आणि तिचे घर असे सगळ्यांनी मिळून खाल्ले. म्हणून ज्यांची मडकी रिकामी आहेत त्यांना "आधी द्या" असे सांगण्यापूर्वी, ज्यांच्या कणग्या भरलेल्या आहेत त्यांनी ते वचन स्वतःला लावून घ्यावे. आज या सभेत बसलेले आपण बहुतेक जण कणगी भरलेले आहोत.

आपल्याच मातीतले एक उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात आले. संस्थेला कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली. किती शहाणपणाची योजना! इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने मरायला टेकलेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या आणि याच केडगावच्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. जिथून उत्पन्न यायचे होते तिथेच खाणारी तोंडे येऊन बसली. रमाबाईंनी आधी संस्थेची सोय आणि मग मुली, असा क्रम लावला नाही. त्यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. देवाचे राज्य आधी म्हणजे काय, हे त्या काळच्या कोणा ख्रिस्ती माणसाला विचारायचे असते, तर त्याने केडगावची वाट दाखवली असती.

आता आपल्या घरात येऊ. आपला क्रम ओळखायला फार खोल जावे लागत नाही. पगार झाल्यावर पहिले पैसे कुठे जातात ते पाहावे. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांची फी, विमा, मग किराणा, मग सणवार. उरले तर देवाचे. यातली एकही गोष्ट पाप नाही. हप्ता भरलाच पाहिजे, मुलांना शिकवलेच पाहिजे. पण आधी काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रार्थनेत एक असते आणि वहीत दुसरे असते.

तुम्हाला वाटेल, ताई आता देणगीवर येणार. देणगीची गरज आहेच, ते मी लपवत नाही. पण प्रभूने राज्याबरोबर नीतिमत्त्व हा शब्द जोडला आहे, आणि नीतिमत्त्व पाकिटात घालून देता येत नाही. म्हणून तीन साध्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट मजुरीची. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असे लेवीयाच्या पुस्तकात सांगितले आहे. याकोब तर म्हणतो की, अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते. आपल्या घरी भांडी घासायला येणारी मावशी, अंगण झाडणारा, रंगकाम करणारा, यांचे पैसे त्या दिवशी, ठरले तितके आणि न मागता मिळतात का? मावशीला आठवड्याची सुट्टी आहे का? आपण रविवारी उपासनेला यावे म्हणून तिने आपल्या घरी रविवारी राबावे, हे देवाच्या राज्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट विटांची. आपल्यापैकी कोणी घर बांधत असेल, कोणाच्या मंडळीचे सभागृह वाढवायचे असेल, तर कंत्राटदाराला एवढे तरी विचारा की, विटा कोणत्या भट्टीच्या आहेत? तिथे मजुरांचा हिशेब लिहून देतात का? त्यांची मुले शाळेत जातात का? विचारल्याने लगेच भट्टी बदलणार नाही. पण गिऱ्हाइकापैकी कोणीच विचारत नाही, या खात्रीवर तो धंदा चालतो. मंदिराच्या भिंतीत कोणाचे बालपण चिणलेले नसावे, एवढी काळजी तरी आपण घ्यायला हवी.

तिसरी गोष्ट वेळेची. कातकरी कुटुंबाला जातीचा दाखला, रेशनकार्ड, वनहक्काचा दावा यासाठी किती खेटे घालावे लागतात! आपल्यात निवृत्त कारकून आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. महिन्यातला एक दिवस अर्ज लिहून द्यायला आणि कचेरीत सोबत उभे राहायला दिला, तर तो मोठ्या देणगीपेक्षा कमी नाही. आणि ही सेवा करताना आपण कोणाला धर्म विचारत नाही, कोणत्याही बदल्याची अपेक्षा ठेवत नाही. सोडून द्यायचे ऋण नव्या अटी घालून परत लादायचे नसते.

तुम्ही पाठवलेल्या मदतीतून त्या वाडीवर धान्य बँक सुरू झाली आहे. पद्धत सोपी आहे. पावसाळ्यात गरजेपुरते धान्य न्यायचे आणि पीक आले किंवा मजुरी मिळाली की थोडे वाढवून परत आणायचे. हिशेब वाडीतल्या बायकाच ठेवतात. पहिल्या वर्षी थोड्याच कुटुंबांनी उचल नाकारली. बाकीची भट्टीवर गेली आणि आजही जातात. एका पावसाळ्यात सगळे बदलले, असे मी सांगणार नाही. मागे राहिलेल्यांचे वर्षही सुखाचे गेले नाही. पाखराची गोष्ट करणाऱ्या त्या बाईचे कुटुंब त्यांत होते. त्यांना दोन शेळ्या विकाव्या लागल्या, छपराचे काम राहून गेले. पण त्यांची मुलगी वर्षभर शाळेत बसली. याआधी तिने एकाही वर्षी दिवाळीनंतरची शाळा पाहिली नव्हती.

त्यांच्या वनहक्काच्या तुकड्यावर नाचणी निघाली, तेव्हा तिने पहिली पायली धान्य बँकेत आणून ओतली, घरची कणगी त्यानंतर भरली. मी विचारले, इतकी घाई कशाला? ती म्हणाली, "घरात गेली की खाल्ली जाईल. पुढच्या श्रावणात कोणीतरी उपाशी असेलच ना."

ही बहीण आपल्या मंडळीची सभासद नाही. मत्तयाचा सहावा अध्याय तिने माझ्याकडून ऐकला तेवढाच. पण आधी आणि नंतर यांतला फरक तिला कळला आहे. देवाचे राज्य असे आपल्या पुढे जाऊन बसलेले असते, आणि आपल्याला तिथवर चालत जायचे असते.

बंधुभगिनींनो, आज वेदीपुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, केळी, तांदूळ मांडले आहेत. उपकारस्तुती करून आपण घरी जाऊ आणि जेवू. जेवायला बसण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून एवढेच ठरवा की, या महिन्यापासून आमच्या घरात आधी काय असेल. ते कागदावर लिहा. पुढच्या महिन्यात तो कागद पुन्हा काढून पाहा.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, तू पाखरांना चारतोस. तुझ्या लेकरांपर्यंत जी भाकर पोहोचायची आहे ती आमच्या हातात अडकून राहू नये, एवढे कर. कोणाची मजुरी आमच्याकडे राहिली असेल तर ती आज आम्हाला आठवू दे. जी कुटुंबे या आठवड्यात बोचके बांधून भट्टीकडे निघाली आहेत, त्यांच्या लेकरांना सांभाळ. तुझे राज्य येवो, आणि ते आमच्या घरापासून सुरू होवो. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.