एक राज्य, तीन नकाशे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महाराष्ट्र देशाच्या कोणत्या विभागात मोडतो, असे विचारले की आपण पटकन 'पश्चिम' म्हणतो. उत्तर बरोबर आहे, पण ते केंद्रीय गृहखात्याचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने पाच क्षेत्रीय परिषदा नेमल्या. त्यांतल्या पश्चिम परिषदेत आज आपण गुजरात, गोवा, दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांच्यासह बसतो. सुरुवातीला म्हैसूरही तेथे होते. पुढे ते दक्षिणेत गेले.

टपालखात्याचा नकाशा निराळा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी अधिकारी, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. देशाचे आठ भाग झाले, नववा आकडा लष्करी टपालाला. त्यात गुजरात राजस्थानबरोबर ३ मध्ये गेला, आपण मध्य प्रदेशाबरोबर ४ मध्ये आलो. पत्राला त्याचे सुखदुःख नाही. पण सर्कलची आणि रीजनची हद्द माणसांना लागू होते. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये आहे, आणि कोल्हापूर-सांगलीच्या पोस्टमनचे पोस्टमास्टर जनरल पणजीत बसतात!

रेल्वेने तर राज्यांच्या सीमा कधी मानल्याच नाहीत. १९५१ साली मध्य व पश्चिम रेल्वे झाल्या त्या मुख्यतः जुन्या जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. यांच्या रुळांवरून. रूळ आधीचे, आपले राज्य १९६० चे. निजामाच्या रेल्वेचा वारसा म्हणून नांदेडचे झोनल मुख्यालय आजही सिकंदराबाद. वास्कोचा कारभार हुबळीहून. नागपुरात डिव्हिजनच दोन: एकीचे कागद मुंबईला जातात, दुसरीचे बिलासपूरला. एकाच गल्लीत राहणारे दोघे गँगमन, पण वरिष्ठ कार्यालये शेकडो मैल दूर, विरुद्ध दिशांना.

२००२-०३ मध्ये नऊ झोनचे सोळा झाले. जबलपूर, भोपाळ आणि झाशी मध्य रेल्वेतून गेले. वर्तमानपत्रांनी तेव्हा मुख्यालय कोणाला मिळाले ते छापले. आपल्या लोकांना मात्र यादीची चिंता होती. काही पदांची सेवाज्येष्ठता डिव्हिजनवार असते, ती फारशी हलत नाही. ज्यांची झोनवार असते, त्यांची बढती मात्र नव्या रांगेत उभी राहते.

नांदेड मध्य रेल्वेला जोडावे, ही मराठवाड्याची जुनी मागणी आहे. आमचा तिला विरोध नाही. पण पाठिंब्याचे निवेदन लिहिण्याआधी आम्ही नांदेडच्या साथींना एवढेच विचारणार आहोत: सिकंदराबादच्या यादीतला तुमचा आजचा क्रमांक मुंबईच्या यादीत कितवा येईल?