तंजावरचं कर्ज कोणी फेडलं?



एखाद्या देशाला कर्ज देताना तिथल्या तुरुंगात कोण आहे हे आधी विचारा, ही मागणी जुनी आहे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरून चळवळींनी परदेशी बँकांना धारेवर धरलं. १९८५ मध्ये बँकांनी हात आखडला आणि तिथल्या सरकारला कर्जफेड थांबवावी लागली. मंडेला तेव्हा कैदेत होते. मागणी रास्तच. पण इथं तंजावरात मला प्रश्न पडतो, कैदी म्हणून मोजायचं कोणाला?

अर्काटचा नवाब मुहम्मद अली मद्रासच्या इंग्रज सावकारांच्या कर्जात बुडालेला होता. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेनं तंजावर जिंकून त्याला दिलं, आणि तुळजाजी भोसले कैदेत गेले. नवाबानं इथला महसूल सावकारांना लावून दिला. लंडनच्या हुकमानं १७७६ मध्ये गव्हर्नर पिगटनं राजाला गादी परत दिली. लगेच पॉल बेनफील्ड पुढे आला. हा कंपनीचा साधा नोकर, आणि म्हणे २,३४,००० पौंड येणं आहे, इथल्या महसुलावर आणि पिकावर माझा हक्क! पिगट आडवा आला, तर त्याच्याच कौन्सिलवाल्यांनी त्याला अटक केली. १७७७ मध्ये तो कैदेतच वारला. पुढं एडमंड बर्कनं ब्रिटिश संसदेत या कर्जांचे वाभाडे काढले.

म्हणजे राजाची कैद लंडनपर्यंत पोचली, गव्हर्नरचीही. पण ज्याच्या भातावर हे सगळं चाललं होतं, तो मिरासदाराच्या शेतावर पिढ्यानपिढ्या बांधलेला पळ्ळर, परैयर? त्याला नवाबानं बांधलं नव्हतं, बेनफील्डनंही नाही. भोसल्यांच्या अमलातही तो तसाच होता. तुळजाजींच्या सुटकेपायी कंपनीच्या फौजेसाठी वर्षाला ४ लाख होन ठरले, ते त्याच्याच घामातून निघाले. आपण मराठी माणसं इथं येतो, सरस्वती महाल बघतो, मोठ्या देवळातला मराठी शिलालेख वाचून छाती फुगवतो. हा हिशेब कोणी मागत नाही.

या पण्णैयाळ मजुराला, आपल्या सालगड्याहून घट्ट बांधलेल्या माणसाला, कायद्याचं थोडं संरक्षण मिळालं ते १९५२ मध्ये. २५ डिसेंबर १९६८ ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांची ४४ माणसं जाळून मारली. बहुतेक बायका आणि मुलं. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली होती. मद्रास उच्च न्यायालयानं सोडलं. एवढे मोटारीवाले श्रीमंत लोक स्वतः पायी जाऊन झोपड्या पेटवतील, हे न्यायालयाला पटेना.