गाडी तिकडेच सोडून आलो
(स्नेहसंमेलनातील भाषण)

आदरणीय सर, बाई आणि १९७९ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला बजावलं आहे, ‘तुम्ही चौघं न्यूझीलंडमध्ये गाडी चालवून आलात, त्याबद्दल बोल. पण निसर्गवर्णन नको, फोटो आम्ही ग्रुपवर पाहिलेत.’ म्हणून आधी कामाचं सांगतो आणि शेवटी एक कबुली देतो.

बेत ठरला किंग्ज सर्कलच्या एका उडप्याकडे, फिल्टर कॉफीवर. न्यूझीलंड निवडलं, कारण तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. ऑकलंडला गाडी घ्यायची, वेलिंग्टनपर्यंत उतरायचं, फेरीबोटीने कुकची सामुद्रधुनी ओलांडून पिक्टन आणि पुढे पश्चिम किनाऱ्याने क्वीन्सटाऊन. बाई, सातवीत ही सामुद्रधुनी मी नकाशात ऑस्ट्रेलियाला चिकटवली होती. या वेळी बरोबर जागी सापडली. ओलांडायला साडेतीन तास लागले.

वाद झाला तो गाडी परत करण्यावरून. एका गावात घेतलेली गाडी दुसऱ्या गावात सोडली, तर कंपनी बहुतेक वेळा वेगळे पैसे लावते. आमचा बँकेतून निवृत्त झालेला हिशेबनीस म्हणाला, “फुकटचे पैसे का द्यायचे? ऑकलंडलाच परत करू.” मग कागदावर मांडलं. परतीचे सुमारे दीड हजार किलोमीटर, तीन दिवसांचं जादा भाडं, पेट्रोल, मुक्काम आणि फेरीबोटीचं तिकीट पुन्हा. उलट क्वीन्सटाऊन ते ऑकलंड विमानाने दोन तासांच्या आत. वाद तिथेच मिटला.

तुम्ही जाल तेव्हा चार गोष्टी आधी विचारा. गाडी फेरीबोटीवर चढवू देतात का? काही कंपन्या एक गाडी वेलिंग्टनला घेतात आणि दुसरी पिक्टनला देतात. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर आहे ना? अनामत रक्कम त्यावरच अडकवतात. अपघात झाला तर विम्याआधी आपल्या खिशातून किती जाणार? आणि तारखा लवचिक असतील, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जायची गाडी आहे का? बहुतेक पर्यटक उलटे जातात, म्हणून परत न्यायच्या गाड्या कधीकधी अगदी स्वस्तात मिळतात. दिवस मात्र मोजून देतात.

आपला इंग्रजीतला परवाना तिथे चालतो. तरी आम्ही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला. विमानतळावर चिवडा-लाडू निमूटपणे जाहीर करा. लपवलेत तर ४०० डॉलर दंड.

आता कबुली. करारात दुसऱ्या चालकाचं नाव घालायचे रोजचे पैसे वेगळे होते. मी म्हटलं, “कशाला? चाळीस वर्षं मुंबईत चालवतोय, मी एकटा पुरेसा आहे.” हिशेबनीस ऐकेना. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे भरून आपलं नाव घातलं.

पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल फार. लाल गोलात आपल्या दिशेचा बाण छोटा असेल, तर आपण थांबायचं. हास्टच्या अलीकडे, पावसात, मला ती पाटी दिसलीच नाही. मी पुलावर, समोरून कॅम्परव्हॅन. त्या बाईने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून आज मी इथे उभा आहे. हिशेबनीस एवढंच म्हणाला, “किल्ली दे.”

पुढे क्वीन्सटाऊनपर्यंत त्यानेच चालवलं. करारात नाव नसतं, तर त्याला विम्याचं संरक्षण मिळालं नसतं आणि किल्ली माझ्याच हातात राहिली असती. मी मात्र दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. चौघांत अपमान झाल्यासारखं वाटलं.

माटुंग्याला परतल्यावर तोच मला हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! निघण्यापूर्वी आम्ही विमा, टायर, करार सगळं तपासलं होतं. डोळे तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. आपण सगळे आता साठीच्या पुढे आहोत. तिकिटं काढण्याआधी ते एवढं करा.

दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. आज मला तिसऱ्या रांगेतले चेहरे स्वच्छ दिसताहेत, त्यात तोही आहे. मित्रा, त्या दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल मी अजून माफी मागितली नव्हती, ती आज सर्वांसमोर मागतो. दुसऱ्या चालकाचे पैसेही तुला द्यायचे राहिलेत. जेवणाआधी देतो, सर साक्षीदार आहेत.