स्क्रू पाना आणि पक्कड पाना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, वीज आणि कर्ज यांवर सकाळपासून बोलून झाले. आम्हाला दिलेली दहा मिनिटे आम्ही एका पान्यावर खर्च करणार आहोत. हसू नका. या पान्यापायी आमचे दोन रात्रींचे पाणी गेले आहे.

आमची पाच जणांची सामाईक विहीर. गहू निसवणीला आलेला, वीज रात्रीची. पंपाच्या डिलिव्हरीच्या फ्लँजमधून पाणी उडायला लागले. पॅकिंग बदलायचे, म्हणजे चार बोल्ट खोलायचे. तीन सुटले. चौथ्यावर स्क्रू पाना सटकला, बोटांची सालटी निघाली आणि नटाचे कोपरे गेले. मग छिन्नी, मग करवत. तोवर वीज गेली. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवा बोल्ट आणला, पण बसवीपर्यंत ती रात्रही वाया गेली. नट किती रुपयांचा? पण हिशेब नटाचा करायचा नसतो, चुकलेल्या पाळीचा करायचा असतो.

पाना सटकला का, याचा आम्ही विचार केला. स्क्रू पान्याचा एक जबडा पक्का आणि दुसरा स्क्रूवर सरकणारा. स्क्रूत थोडी ढिलाई असतेच, वापराने ती वाढते. मग जबडे नटाच्या सपाट बाजूंवर बसत नाहीत, कोपऱ्यांवर टेकतात. सगळा जोर त्या कोपऱ्यांवर येतो. गंजलेला नट तो सोसत नाही. त्यात आपण पान्याला पाईप लावून जोर दुप्पट करतो. दोष एकट्या पान्याचा नाही.

स्क्रू पान्याला नावे ठेवायला आम्ही उभे नाही. स्वीडनमधल्या लहान कुळाच्या घरात जन्मलेल्या योहान पेटर योहान्सन याने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आजच्या रूपात आणला. तेव्हा नटांची मापे ज्याची त्याची असत आणि कारागिराला पान्यांचे ओझे वाहावे लागे. आपल्याकडे आजही वेगळे काय आहे? जुन्या डिझेल इंजिनाचे बोल्ट इंची, नव्या पंपाचे मिलिमीटरी. १० मिलिमीटरच्या बोल्टाला कुठे १६ चा पाना लागतो, कुठे १७ चा. १२ च्या बोल्टाला कुठे १८ चा, कुठे १९ चा. म्हणून तर स्क्रू पाना घरोघरी आहे.

आता दुसरे हत्यार. आमच्यातल्या एकाचा पुतण्या कारखान्यात कामाला आहे, त्याने ते आणले. इंग्रजीत त्याला प्लायर्स रेंच म्हणतात, आम्ही पक्कड पाना म्हणतो. जर्मनीतल्या वुपरटाल गावची क्निपेक्स कंपनी १८८२ पासून पकडी बनवते, तिच्यामुळे हा प्रकार नावारूपाला आला. दिसायला ही पाईप धरायची पक्कडच, पण जबडे सपाट, बिनदाती आणि कितीही उघडले तरी एकमेकांना समांतर. बटण दाबून माप लावायचे आणि मूठ आवळायची. कंपनी सांगते की हाताचा जोर जबड्यात सुमारे दहापट होतो. ढिलाई मुठीतच मरते, नट दोन्ही बाजूंनी सपाट दाबला जातो. १६, १७, इंची असा भेद राहत नाही. मूठ सैल केली की पाना नटावरून न काढता मागे घेता येतो आणि पुन्हा आवळता येतो. दाते नसल्याने पितळी व्हॉल्व्हच्या नटावर ओरखडा उठत नाही. दहा इंची पक्कड पाना ४५ ते ५० मिलिमीटरपर्यंत उघडतो, तेवढ्याच लांबीचा स्क्रू पाना ३० च्या आसपास थांबतो.

उणिवाही सांगतो. किंमत स्क्रू पान्याच्या कैक पट आहे. दोन मुठी असल्याने अडचणीच्या जागी तो शिरत नाही, तिथे एकदांडी स्क्रू पानाच कामाला येतो. जोर लावताना मूठ सतत आवळून धरावी लागते, हात थकतो. आणि गोल पाईपवर तो घसरतो, तिथे पाईप पानाच हवा.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या पंपाचे बोल्ट मोजा आणि त्या मापांचे रिंग पाने आधी घ्या. नटाला सगळीकडून धरणारा त्याच्याइतका भरवशाचा पाना नाही. न जुळणाऱ्या मापांसाठी एका विहिरीवरच्या चार-पाच जणांनी मिळून एक पक्कड पाना घ्यावा, तो कोणाच्या घरी राहील ते आधी ठरवावे. स्क्रू पाना फेकू नका. जोर पक्क्या जबड्यावर येईल असा लावा, स्क्रू घट्ट करून मगच ओढा आणि पाईप लावू नका. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल सोडा.

आमच्या विहिरीवर पाचांनी वर्गणी काढून पान्याचे पैसे पुतण्याला देऊन टाकले. त्यानंतर एकही नट करवतीने कापावा लागलेला नाही. खंडेनवमीला हत्यारांना हळद-कुंकू लावतो, ते लावूच. पण बाकीच्या दिवसांत त्यांचा हिशेबही ठेवू या.