जुन्या मोटारीच्या ब्रेकनळ्या

वाशीमहून अकोल्याकडे निघालेली मोटार मालेगांव आणि मेडशी मागें टाकून पातूरच्या घाटाला लागली म्हणजे चालकाचा उजवा पाय वारंवार ब्रेकवर जातो. त्या पायाखालीं काय चाललें आहे याचा विचार मात्र फार थोडे जण करतात. वाशीम १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. परंतु त्यामुळें घाट कांहीं सपाट झाला नाहीं. पठारावरून खालच्या मैदानांत उतरावयाचें तर ब्रेक शाबूत पाहिजेत, आणि मोटार चाळीस-पन्नास वर्षांची असेल तर कोणीतरी तिच्या पोटाखालीं शिरून त्यांची खात्री करून घेतली पाहिजे.

अशा जुन्या मोटारींपैकीं पुष्कळ महाराष्ट्रांतच जन्मल्या. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें फियाट ११०० तयार होऊं लागली, आणि हीच गाडी नंतर पद्मिनी या नांवानें घरोघर ओळखली गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. खाजगी गृहस्थांनीं मात्र वडिलांची आठवण म्हणून ती गाडी अद्यापि जपलेली दिसते. जपणारे बहुधा रंग आणि पितळी चकाकी जपतात. नळ्यांकडे लक्ष जात नाहीं.

द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा सिद्धांत शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो. ब्रेक म्हणजे त्याचाच रोजचा प्रयोग. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या तेल ढकलतो. तें तेल पेन्सिलीहून बारीक अशा पोलादी नळ्यांतून चाकांपर्यंत दाब नेतें. जुन्या फियाटमध्यें, त्या काळच्या बहुतेक मोटारींप्रमाणें, चारी चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. त्यामुळें एका नळीला टांचणीएवढें छिद्र पडलें तरी चारी चाकांचा दाब जातो आणि पेडल थेट तळाला टेकतें. मग आधार उरतो तो हातब्रेकचा. आणि उतारावर भरधांव गाडी थांबवावयास तो पुरेसा नाहीं.

नळी गंजते ती दोन्ही अंगांनीं. वऱ्हाडांतील काळी माती पावसाळ्यांत गाडीच्या पोटाला चिकटून बसते आणि नळी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालीं कित्येक दिवस ओल टिकवते. म्हणून गंज प्रथम नेमका पट्टीखालींच, जेथें दिसत नाहीं तेथें, लागतो. शिवाय ब्रेकचें तेल स्वतःच हवेंतील पाणी शोषून घेतें. डॉट ३ या प्रतीचें नवें तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओल शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटांत तापलेल्या ब्रेकशीं असें तेल उकळलें तर त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढें नेत नाहीं.

नळ्या घरीं बदलतां येतात. घाई मात्र सोसत नाहीं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखालीं कोणीहि शिरूं नये. भक्कम घोड्या लावाव्या. गंजलेल्या नटावर साधा पाना चालविल्यास कोपरे झिजतात, म्हणून नळीवरून सरकविण्यापुरती फट असलेला रिंगपाना घ्यावा आणि आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें. जुनी नळी वांकडी न करतां काढावी, कारण नव्या नळीचें माप तीच. निव्वळ तांब्याची नळी वळविण्यास सोपी खरी, परंतु सततच्या कंपनानें ती कडक होऊन तडकते. पोलादी किंवा तांबें-निकेल मिश्रधातूची ब्रेकचीच नळी घ्यावी.

खरें कसब तोंड वळविण्यांत आहे. नट आधीं नळींत ओंवावा (हें विसरून तोंड वळविल्यावर कपाळाला हात लावणारे थोडे नाहींत!) आणि मग तोंड जुन्यासारखेंच, दुहेरी घडीचें तर दुहेरीच, वळवावें. एकेरी तोंड चिरतें. हें यंत्र हातीं नसेल, वा हात बसला नसेल, तर नळी वळवून तोंडें कारागिराकडून करून घ्यावीं. त्यांत कमीपणा नाहीं. फुटलेला तेवढा तुकडा कापून मधेंच सांधा घालणें ही काटकसर नव्हे. एक नळी कुजली असेल तर तिच्या बहिणीहि त्याच वयाच्या आहेत. रबरी होज पाईपहि त्याच वेळीं बदलावे, आणि रबराजवळ घासलेट किंवा इंजिनाचें तेल येऊं देऊं नये. त्यानें रबर फुगतें. ब्रेकचें तेल रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें.

शेवटीं हवा काढणें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाजवळील निपल सैल करून पुन्हा आंवळावें, आणि मगच पेडल सोडावें. सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा आणि भांडें रितें होऊं देऊं नये. पेडल टणक लागलें म्हणजे त्यावर मिनिटभर सर्व बळानें पाय ठेवावा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळीं भांड्यांतील पातळी पुन्हा तपासावी. कागद कोरडा आणि पातळी तीच असेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर सावकाश चालवून पाहावी. घाट त्यानंतर.